यवतेश्वरावरून दिलेला रिपोर्ट

"काका, नाही. काहीच नाही. नुसत्या मुंग्या."

वॉकीटॉकीतून 'टक्' आलं, मग पुन्हा एकदा 'टक्'. दोन टिचक्या म्हणजे 'ऐकलं'. खांबेटेकाकांचं हवेवरचं बोलणं तेव्हा एवढंच उरलं होतं.

यवतेश्वरच्या पठारावर एका ओल्या कातळावर मी उकिडवा बसलो होतो. डाव्या हातात वॉकीटॉकी, उजव्या हातात स्कॅनर, काखेत छत्री. खाली सातारा, आणि उत्तरेला धुक्यात वैराटगडाची रांग. त्या रांगेच्या पलीकडे वाई, आणि वाईत काका कॅमेऱ्यापुढे पाटी धरून बसलेले. त्यांचा चेहरा हवेतून माझ्या हातातल्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर यायचा होता. तिसरा रविवार होता, आणि डोंगर काही तो चेहरा अलीकडे येऊ देत नव्हता.

"पुढच्या रविवारी परत बघू काका. अँटेना अजून हातभर वर घ्या." टक्, टक्.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी साताऱ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. तेव्हाही चालवायचो. फरक एवढाच, की तेव्हा टीव्हीला पाठ असायची आणि लोक ते दुरुस्तही करून घ्यायचे. त्याशिवाय मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात यंत्र लावायचं आणि आपल्यासारख्याच येड्यांशी हवेवरून बोलायचं. माझी बायको म्हणते, सकाळी उठून एकमेकांना 'ऐकू येतंय का' विचारायचं आणि ऐकू आलं की बंद करायचं, हा कुठला उद्योग? तिला समजावून सांगायचं मी कधीच सोडून दिलं.

या येडेपणाला मला लावलं खांबेटेकाकांनी. माझं लहानपण वाईत गेलं. काका टेलिफोन खात्यात होते. त्यांचा निरंजन आणि मी शाळेत एका बाकावर. काकांनीच आम्हा दोघांना बसवून परीक्षेची तयारी करून घेतली, आम्ही परवाने एका दिवशी काढले. मात्र मोर्सची, म्हणजे तारेच्या टिकटिक भाषेची परीक्षा निरंजननं दिली, मी बिनमोर्सचा खालचा परवाना घेऊन मोकळा झालो. "जयवंतराव, मोर्स शिका," काका बारा वर्षं सांगत राहिले. "शिकतो की काका," मी बारा वर्षं म्हणत राहिलो.

माणूस असा, की समोरासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. घरी गेलं तर 'बस', 'चहा घे', संपलं. पण माइक हातात आला, की खर्जातला आवाज लागायचा आणि काका मोकळे व्हायचे. रोज सकाळी सातला जिल्ह्यातले आम्ही पंधरावीस जण हवेवर जमायचो. काका हजेरी घ्यायचे, चौकशा करायचे, टोप्या उडवायचे. मला मुलगी झाली तेव्हा माझ्या आईला कळायच्या आधी ते या सकाळच्या मंडळीत जाहीर झालं होतं. माझे वडील गेले तेव्हा काका घरी आले आणि तासभर माझ्या शेजारी नुसते बसून गेले. दुसऱ्या दिवशी माइकवरून मात्र असं बोलले, की मी दुकान बंद करून रडलो.

एका बाबतीत फार कडक. रिपोर्ट. 'तुमचा आवाज अमुक इतका स्पष्ट, तमुक इतका जोरात' असे गुण समोरच्याला द्यायचे असतात. पुष्कळ जण भिडेखातर पैकीच्या पैकी देऊन टाकतात. मीही एकदा कोल्हापूरच्या एका थोर गृहस्थांना दिले. काकांनी सगळ्यांच्या देखत माझी हजेरी घेतली. "येत नसेल तर येत नाही म्हणायचं. तो माणूस तिकडे तुझ्या शब्दावर पुढचं ठरवणार असतो. खोटा रिपोर्ट देण्यापेक्षा यंत्र विकून टाक आणि भजन कर."

मग त्यांच्या घशाला कॅन्सर झाला. पुण्यात ऑपरेशन ठरलं, स्वरयंत्र काढायचं. त्याच्या दोनच दिवस आधी निरंजन घरी आला आणि बायकोपासून वेगळा झाल्याचं सांगितलं. सून म्हणजे काकांचा जीव की प्राण. काकांचा तोल गेला. जो माणूस समोर बोलायचा नाही तो त्या दिवशी बोलला. "पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही," असं मुलाला म्हणाले. तो तसाच पायात चपला घालून निघून गेला, आणि दोन दिवसांनी काकांचा आवाज कायमचा गेला. म्हणजे मुलानं बापाच्या आवाजात ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

पुढं वर्षभर निरंजन पुण्यात आणि हे वाईत. काकू चोरून फोन करायच्या. तो म्हणायचा, "बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन." आणि काकांसमोर त्याचं नाव काढलं, की ते पाटी उलटी करून ठेवायचे. घरात ते पाटीवर लिहून बोलत. शाळेतली दगडी पाटी आणि पेन्सिल. कागदावर लिहिलेलं मागं राहतं म्हणून पाटी, असं काकू म्हणायच्या.

सकाळच्या मंडळीत मात्र पाटीचा काय उपयोग? काका सातला यंत्र लावून बसायचे, सगळ्यांचं ऐकायचे आणि माइकचं बटण दाबून दोन टिचक्या द्यायचे. मोर्समध्ये बोलले असते, पण मोर्स समजणारे आमच्यात दोघंच म्हातारे उरले होते, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं.

एक दिवस मी गेलो तर त्यांनी पाटी पुढं केली. 'आवाज गेलाय. थोबाड आहे ना अजून?'

हौशी टेलिव्हिजन. आवाज पाठवतात तसं चित्र पाठवायचं. काका कॅमेऱ्यापुढे बसणार, पाटीवर लिहिणार, आम्ही वाचणार. आमचे एक स्नेही जपानहून स्कॅनर घेऊन आले होते. हातात मावणारा रिसीव्हर, आकडे सरासर पळवत हवा चाळत जायचा, कुठं काही सापडलं की थांबायचा. वर इवलासा पडदा, त्यात चित्र दिसायचं. तो त्यांनी माझ्या हवाली केला. सबंध जिल्ह्यात तसा तो एकच. काकांनी केबलवाल्याकडचं मोडकं यंत्र आणून त्यातून ट्रान्समीटर उभा केला, दारावर लावतात तसला काळापांढरा कॅमेरा जोडला, ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना केली. गळ्यातल्या भोकातून श्वास घेणारा माणूस गच्चीवर स्टुलावर उभा राहून नळ्या बांधत होता.

पहिली चाचणी पसरणी घाटात केली. तिथून वाई पायाखालीच. स्कॅनर लावला, आकडे पळाले, थांबले, आणि पडद्यावर एक बाई पोळ्या लाटताना दिसली. कुणाच्या तरी केबलचं गळतं चित्र. "काका," मी म्हणालो, "तुमच्याऐवजी एक बाई आलीय. चांगली आहे. ठेवू का तीच?" टिचक्यांचा नुसता पाऊस पडला. मग मी आकडा नीट लावला आणि काका आले. पांढरा शर्ट, गळ्याला फडकं, चष्मा नाकावर घसरलेला. हातात पाटी, तिच्यावर त्यांचं कॉल साइन. हवेवर गेलं की पहिल्यांदा आपलं कॉल साइन द्यायचं, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव. तो नियमच आहे. मग त्यांनी पाटी पुसली, लिहिलं, पुन्हा वर धरली. 'बोल रे टोणग्या.'

चित्राला शून्य ते पाच गुण असतात. पी झीरो म्हणजे काहीच नाही, पी फाइव्ह म्हणजे स्वच्छ. "पी फाइव्ह, काका," मी म्हणालो. खरोखर पी फाइव्ह होतं ते.

पण काकांना घाटापर्यंत पोचायचं नव्हतं, साताऱ्यापर्यंत पोचायचं होतं. मंडळी तिथं होती. म्हणून यवतेश्वर. म्हणून तीन रविवार मी त्या कातळावर. आवाज डोंगरमाथ्यावरच्या रिपीटर यंत्रावरून उडी मारून जायचा, चित्राला तशी सोय नव्हती.

चौथ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी काकूंचा दुकानात फोन आला. छातीत पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर, फार तर दीड.

"त्यांना सांगितलंय?" मी विचारलं.

"त्यांनीच रिपोर्ट आधी वाचला. घडी करून खिशात ठेवला आणि गच्चीवर गेले अँटेना फिरवायला. अन्न जात नाही रे, झोप नाही. नुसता रविवार कधी येतोय बघत असतात."

दुसऱ्या दिवशी, सतरा तारखेला, सकाळी आठला मी पठारावर होतो. हवा स्वच्छ होती. म्हटलं, आज येणार. स्कॅनर चारही दिशांना फिरवला, डोक्यावर धरला, कातळावर उभा राहिलो, कातळाखाली बसलो. मुंग्या. मध्येच एक काळसर पट्टा वरून खाली सरकला, पुन्हा मुंग्या.

टक्, आलं. एक टिचकी म्हणजे 'दाखवतोय, बघ'.

मी बघितलं. काही नव्हतं. वैराटगडाच्या पलीकडे तो माणूस दोन्ही हातांनी पाटी धरून बसला असणार, हे मला त्या पडद्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं. चौथ्यांदा 'नाही' म्हणायला माझी जीभ उचलेना.

"काका," मी म्हणालो, "आलात. दिसताय."

मी बटण पुन्हा दाबलं.

"पी फोर. कॉल साइन वाचता येतंय." आणि त्यांचं कॉल साइन मी एकेक अक्षर करून म्हणून दाखवलं. ते तर मला झोपेतही म्हणता येत होतं. पहिली पाटी त्याचीच असणार हेही ठाऊक होतं. "पांढरा शर्ट आहे. बरोबर?" पांढऱ्याशिवाय दुसरा शर्ट त्यांनी जन्मात घातला नव्हता.

टिचक्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मला हसू आलं, बरं वाटलं. देवाशप्पथ सांगतो, पुण्य केल्यासारखं वाटलं.

मग एक टिचकी. बघ.

मी मनात चार आकडे मोजले. पाटी वाचायला लागतो तेवढा वेळ. "दिसलं काका."

थोड्या वेळानं पुन्हा एक टिचकी. पाटी पुसून दुसरं लिहिलेलं. पुन्हा चार आकडे. "दिसलं."

तिसऱ्या पाटीला वेळ लागला. बरंच लिहीत असावेत. टिचकी आली, मी म्हणालो, "दिसलं काका." लगेच दुसरी टिचकी. मी गप्प. परत टिचकी. काहीतरी विचारलं होतं आणि उत्तर हवं होतं.

काय विचारणार, म्हटलं मनात. येताना केबलचा जोड आण म्हणत असतील. किंवा पुढच्या रविवारी मंडळींना घेऊन ये. त्यांनी आजवर मागितलेलं त्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. "हो काका," मी म्हणालो. "नक्की. मी करतो ते, तुम्ही काळजी करू नका."

मग बटण दाबलेलं तसंच राहिलं. टिचकी नाही, काही नाही, नुसता श्वास. गळ्यातल्या त्या भोकातून येणारा जाणारा, ओला, घरघरता श्वास. अर्धा मिनिट तरी तो मी ऐकत उभा होतो. मला वाटलं, दमले. "बॅटरी उतरत आली काका, आज एवढंच," मी म्हणालो. टक्, टक्.

खाली येऊन मी मिसळ खाल्ली, आणि दुकान उघडलं.

पुढचा रविवार मी चुकवला. गणपतीचे दिवस होते, दुकानात टीव्हींची रांग लागली होती. पण खरं सांगायचं तर ती सबब होती. एकदा पी फोर दिल्यावर पुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. सकाळी सातला काका हजर असायचे, टिचक्या यायच्या. त्यात दोन दिवस हजेरीत माझं नाव आल्यावर तीनतीनदा टिचक्या आल्या. मी म्हणालो, "काका, येतोच आहे, जरा सवड होऊ द्या." टक्, टक्.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, काका गेले.

मी पोचलो तोवर निरंजन आला होता. काकूंनी पहाटे फोन केला आणि तो दोन तासांत आला. त्यानंच अग्नी दिला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पण तो कुणाशीच बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही सगळे हवेवर आलो आणि मिनिटभर कुणीही बटण दाबलं नाही. आमच्यात तसं करतात.

तेराव्याला गेलो. माणसं जेवून पांगली होती, घरचीच चार पानं मागं राहिली होती. काकूंनी मला काकांच्या रेडिओच्या खोलीत नेलं. यंत्रावर पंचा झाकलेला.

"हे सगळं तुम्ही मंडळी घेऊन जा," काकू म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही, आणि बघवतही नाही." मग त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "जयवंता, एक विचारू? तू त्या रविवारी त्यांना काय कबूल केलं होतंस?"

"म्हणजे?"

"दार लावून बसायचे ते, पण तुझा आवाज स्वयंपाकघरात यायचा. 'हो काका, नक्की, मी करतो' म्हणालास. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. मी विचारलं, काय झालं? पाटीवर लिहिलं, 'जयवंतला दिसलं.' बास, तेवढंच. त्याच दिवसापासून रोज दाढी करायचे. हात थरथरायचे, पण मला करू देईनात. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि फाटकाकडे तोंड करून बसायचे. संध्याकाळी शर्ट काढून ठेवायचे, की सकाळी दुसरा. मी म्हणायची, अहो, येणार आहे तरी कोण? तर या यंत्राकडे बोट दाखवून हसायचे. रोज इस्त्री करत होते रे मी. कुणाची वाट बघत होते?"

"काकू, मी..." म्हटलं.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, त्या गेल्या. जाताना टेबलावरची वही माझ्या हातात देऊन गेल्या. "ही त्यांची तुमच्या बोलण्याची वही. तुझ्याकडे असू दे."

प्रत्येक हॅमकडे अशी वही असते. तारीख, वेळ, कुणाशी बोललो, मिळालेला रिपोर्ट, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. काकांनी चाळीस वर्षांत एकही ओळ चुकवली नव्हती. मी शेवटचं पान उघडलं.

सतरा तारीख. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. माझं कॉल साइन. रिपोर्ट: पी फोर. शेरा: 'जयवंतला सांगितलं. माझं चुकलं, निरंजनला म्हणावं बाबा बोलावतोय, घेऊन ये. हो म्हणाला.'

त्याखाली सकाळच्या हजेरीच्या ओळी. अक्षर दिवसागणिक वाकडं होत गेलेलं. आणि सगळ्यात खाली, गेले त्याच्या आदल्या दिवशीची तारीख, पुढचे रकाने कोरे, नुसता शेरा. 'नि. आला नाही. त्याचा काही दोष नाही.'

एकदा मनात आलं, पान फाडावं. कुणाला कळणार होतं? फाडलंही असतं. मी तितका चांगला माणूस नाही. पण मागं चाहूल लागली. निरंजन दारात होता. डोक्याचं मुंडण, कमरेला कोरं धोतर.

"काय आहे त्यात?" त्यानं विचारलं.

मी वही दिली. त्यानं उभ्यानंच वाचली. एकदा वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"सतरा तारखेला मी घरी होतो," तो म्हणाला. "रविवार होता. तू फोन केला नाहीस."

"मला दिसलंच नव्हतं निरंजन. पडद्यावर काही नव्हतं. चार रविवार काही आलं नव्हतं."

"इथं पी फोर लिहिलंय."

"मी दिला. खोटा दिला."

"आणि हो कशाला म्हणालास?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून."

तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो काकांच्या खुर्चीत बसला आणि वही मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे जाताना त्यांना वाटलं," तो सावकाश म्हणाला, "की मला निरोप मिळाला होता. आणि तरी मी आलो नाही."

"हो," मी म्हणालो.

"अकरा दिवस."

"हो."

त्यानं शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवला. मग स्वतःशीच म्हणाला, "मला तरी बोलावणं कशाला लागत होतं? आईनं सांगितलं होतं की, छातीत पसरलंय म्हणून. मी म्हटलं, बोलावू दे त्यांना." त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली, आणि तेवढ्यात काकू आत आल्या.

"पानं वाढलीत, चला दोघं," त्या म्हणाल्या. आमचे चेहरे बघून थांबल्या. "काय रे? कळलं का काही? कुणाची वाट बघत होते?"

मी तोंड उघडलं. आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण निरंजन माझ्या आधी बोलला.

"माझी," तो म्हणाला. "जयवंतनं निरोप दिला होता, आई. मीच आलो नाही."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, जसं काही मोठं काम करायचं आहे.

"अकरा शर्ट," एवढंच म्हणाल्या, आणि त्याच्याकडे पाठ केली.

मी निरंजनकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली, अगदी जराशी. बोलू नकोस. त्यानं तसं का केलं ते मी त्याला कधीच विचारू शकलो नाही. कदाचित ती शिक्षा त्याला हवी होती. ती माझी होती आणि त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि मी घेऊ दिली. काकू पुढं एकवीस वर्षं जगल्या. दिवाळीला त्यांचा डबा साताऱ्यात न चुकता माझ्याकडे यायचा. निरंजन त्यांना पुण्याला न्यायला तीनदा आला, त्या गेल्या नाहीत. गेल्या पावसाळ्याआधी त्याही गेल्या, म्हणून आज हे सांगतोय. त्या असताना सांगायचं धैर्य मला झालं नाही.

त्या दिवशी मागच्या पडवीत पाट मांडले होते. निरंजन पाटाजवळ उभा होता, काकूंनी त्याला बस म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "जयवंता, तू बस बाबा. तू तुझं काम केलंस." आणि पहिला भात माझ्या पानात वाढला, त्यावर वरण, तूप, आणि बाजूला लाडू.

मी जेवलो.